तक्षशिलेची छडी आणि सतरा मुलांचे रडणे

लहान मुलांशी क्रूरपणे वागणारा माणूस मुळातच दुष्ट असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत सोयीची आहे. ती एकदा मान्य केली की गुरू, संस्था, शिस्तीचे नियम आणि आपण स्वतः असे सगळेच दोषमुक्त होतो. पालि साहित्याचे सावधपणे वाचन केले तर मात्र या समजुतीला तडा जातो. या साहित्यात मुलांना मारणारे, त्यांना घराबाहेर काढणारे, त्यांना अन्नावाचून ठेवणारे लोक बहुधा प्रतिष्ठित आहेत. कोणी आचार्य आहेत, कोणी चीवरधारी भिक्खू आहेत. त्यांच्या हाती दोन परवाने आहेत. 'तुझ्या हितासाठीच मारतो' हा गुरूचा परवाना, आणि 'आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे' हा गटाचा परवाना. हे दोन परवाने एकत्र आले म्हणजे एरवी सभ्य असणारी माणसेही मुलांच्या बाबतीत निर्दय होऊ शकतात.

प्रस्तुत लेखात अंगुलिमाल सुत्तावरील अट्ठकथा, तिलमुट्ठि जातक आणि विनयपिटकातील सत्तरसवग्गिय मुलांचे प्रसंग अशा तीन स्थळांची चिकित्सा करावयाची आहे. ही तिन्ही स्थळे आपल्याच परंपरेतील आहेत. ब्राह्मणी ग्रंथांची चिकित्सा आपण निर्भयपणे करतो. तीच कसोटी स्वतःच्या ग्रंथांना लावणे हे बाबासाहेबांच्या अनुयायांचे अधिक मोठे कर्तव्य होय.

अहिंसकाची तक्षशिला

मज्झिम निकायातील मूळ सुत्तात अंगुलिमाल हा कोसल देशातील, पसेनदी राजाच्या काळचा दरोडेखोर आहे. तो दरोडेखोर का झाला, हे सुत्त सांगत नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, पतितांच्या व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेच्या संदर्भात, दरोडेखोर अंगुलिमालाचाच वृत्तांत दिला आहे. आपल्या प्रवचनांतूनही कथा सहसा अरण्यातच सुरू होते. त्या अरण्याआधी एक शाळा होती, ही गोष्ट अट्ठकथा सांगते आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

अट्ठकथांतील वृत्तांत असा. कोसलराजाच्या पुरोहिताला मुलगा झाला. त्या रात्री नगरातील शस्त्रे चमकू लागली. मुलगा चोराच्या नक्षत्रावर जन्मला आहे, असे पुरोहिताने स्वतःच गणित मांडून राजाला सांगितले. हा एकटा चोर होईल की राज्य बुडवील, असे राजाने विचारले. एकटाच होईल असे उत्तर मिळाल्यावर त्याला वाढू द्यावे, असे ठरले. मुलाचे नाव अहिंसक असे पडले. वयात येताच तो तक्षशिलेस गेला. तेथे तो आज्ञाधारक, सेवातत्पर आणि बुद्धीने सर्वांत पुढे असा विद्यार्थी ठरला. सहाध्यायांना हे सहन झाले नाही. त्याला मूर्ख म्हणता येत नव्हते, दुर्वर्तनी म्हणता येत नव्हते, हीनकुलीन म्हणता येत नव्हते. तेव्हा त्यांनी गुरुपत्नीच्या संदर्भात त्याच्यावर आळ घेतला. तो सांगण्यासाठी ते तीन टोळ्यांत विभागले गेले. पहिल्या टोळीला आचार्याने हाकलून लावले. पाठोपाठ दुसरी आली, तिसरी आली. आणि सगळेच सांगतात त्या अर्थी ते खरे असले पाहिजे, असे आचार्याला वाटू लागले.

यापुढचा भाग अधिक विचार करण्यासारखा आहे. आचार्याच्या मनात शिष्याला ठार मारण्याचा विचार आला. तो त्याने सोडला तो दयेने नव्हे. आपल्याकडे शिकायला आलेल्या मुलाचा आपण जीव घेतला असे लोकांना कळले तर पुढे कोणी शिकायला येणार नाही आणि आपला लाभ बुडेल, असा त्याचा हिशेब होता. म्हणून त्याने गुरुदक्षिणा मागितली ती एक हजार माणसांच्या वधाची. एका अट्ठकथेत ती उजव्या हातांच्या एक हजार बोटांच्या रूपात येते. मुलगा म्हणाला, आमचे कुळ हिंसा न करणारे आहे, मला हे जमणार नाही. आचार्य म्हणाला, दक्षिणेवाचून विद्या फळ देत नाही. मुलगा निघाला.

अट्ठकथाकाराने एकाच कथेत दोन कारणे ठेवली आहेत, आणि ती परस्परांशी जुळत नाहीत. एक नक्षत्राचे, दुसरे शाळेचे. नक्षत्राचे कारण मानले तर आचार्य सुटतो, सहाध्यायी सुटतात, आणि मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरते. जन्मावरून माणसाचा गुन्हा ठरविण्याची ही रीत आपल्या समाजाला चांगली परिचित आहे; इंग्रजी राजवटीत १८७१ साली झालेल्या कायद्याने कित्येक जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्याने नक्षत्राचे कारण बाजूला ठेवावे आणि शाळेचे कारण हाती घ्यावे. आज्ञाधारकपणा हाच सर्वोच्च गुण मानणारी शाळा, एकमताने खोटे बोलणारा गट, आणि प्रतिष्ठा सांभाळणारा आचार्य, हे घटक एकत्र आले आणि 'आमचे कुळ हिंसा करीत नाही' असे म्हणणारा मुलगा खुनी झाला. कारणे सरळ आहेत. ती आकाशात शोधण्याची गरज नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. द्रोणाने निषाद एकलव्याकडून उजव्या हाताचा अंगठा मागितला तो गुरुदक्षिणेच्या नावाने, आणि त्यामागे अर्जुनाची तक्रार होती. दोन्ही कथांत दक्षिणा हे निमित्त आहे, दोन्हींत सहाध्यायाचा मत्सर आहे. एकीत शिष्याचा हात निकामी केला जातो. दुसरीत शिष्याच्या हातून इतरांचे हात तोडविले जातात. परंतु फरकही महत्त्वाचा आहे. एकलव्याने बिनतक्रार अंगठा दिला याचे परंपरेने कौतुक केले. बौद्ध अट्ठकथेने अहिंसकाच्या आज्ञापालनाचे कौतुक केलेले नाही. आज्ञापालनातून प्रेतांचा खच पडला, असेच ती दाखविते. गुरूची आज्ञा ही नीतीचा आधार होऊ शकत नाही, हे या कथेचे सार आहे, आणि ते आपल्या प्रवचनांतून सांगितले गेले पाहिजे.

सुत्ताच्या उत्तरार्धातील एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. भिक्खू झालेला अंगुलिमाल सावत्थीत भिक्षेला जातो, तेव्हा प्रसूतीच्या वेदनांनी तळमळणारी एक स्त्री त्याला दिसते. तो परत येऊन भगवंतांना ते सांगतो, आणि भगवंत त्याला तिच्याकडे पुन्हा पाठवितात. सत्यवचनाच्या सामर्थ्याने ती सुखरूप प्रसूत झाली, हा भाग आपण शब्दशः न घेता अर्थाने घ्यावा. नव्या जीवनात या माणसाला व्याकूळ करणारी गोष्ट म्हणजे एका आईचे आणि जन्माला येऊ पाहणाऱ्या मुलाचे दुःख, हे सुत्तकाराने नेमके टिपले आहे. तक्षशिलेने त्याच्यातून जे काढून घेतले होते, ते येथे त्याला परत मिळाले.

तिलमुट्ठि जातक : छडीचे समर्थन

याच तक्षशिलेतील दुसरी कथा जातकसंग्रहात आहे. तिचा रोख मात्र उलट आहे, आणि म्हणून तिची चिकित्सा अधिक कठोरपणे करावी लागेल.

वाराणसीचा राजपुत्र सोळाव्या वर्षी तक्षशिलेस शिकायला गेला. आचार्यांबरोबर स्नानाला जाताना एका म्हातारीने वाळत घातलेले तीळ त्याला दिसले आणि त्याने मूठभर उचलून खाल्ले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. म्हातारी हात पसरून ओरडू लागली की, आचार्य आपल्या शिष्यांकडून मला लुटवीत आहेत. आचार्य म्हणाले, तिळांचे मोल देतो. ती म्हणाली, मोल नको. हा मुलगा पुन्हा असे करणार नाही असे त्याला शिकवा. आचार्यांनी दोन मुलांकरवी राजपुत्राचे दोन्ही हात धरविले आणि वेळूच्या छडीने पाठीवर तीन फटके मारले. राजपुत्राने डोळे लाल करून आचार्यांना नखशिखान्त न्याहाळले. राज्यावर आल्यावर त्याने आचार्यांना बोलावून घेतले ते मारण्यासाठी. आचार्य म्हणाले की, त्या दिवशी मी शिक्षा केली नसती तर तू तिळावरून मिठाईवर, मिठाईवरून घरफोडीवर आणि शेवटी वाटमारीवर गेला असतास. राजाला ते पटले, दरबाऱ्यांना पटले, आणि आचार्य राजपुरोहित झाले. कथेच्या शेवटी समवधान असे की, तो आचार्य म्हणजे पूर्वजन्मीचे बोधिसत्त्व.

ही कथा एका रागीट भिक्खूच्या निमित्ताने सांगितली गेली आहे. क्रोध सोडावा, हा तिचा उद्देश. तो चांगला आहे. परंतु क्रोध सोडण्याचा उपदेश कोणाला केला जातो? ज्याला मारले त्याला. ज्याने मारले त्याच्या कृतीला मात्र 'हे शासन आहे, वैर नव्हे' असे प्रमाणपत्र मिळते. तेही बोधिसत्त्वाच्या नावाने.

कथेचा तपशील तिच्याच तात्पर्याविरुद्ध साक्ष देतो. म्हातारीने फटके मागितले नव्हते. शिकवा असे सांगितले होते. 'शिकवणे' या शब्दाचा 'मारणे' हा अर्थ आचार्यांनी लावला. फटक्यांनी राजपुत्राला चोरी वाईट का, हे कळले असे कथेत कोठेही नाही. त्याच्या मनात रुजला तो सूड. कितीतरी वर्षांनी, राजा झाल्यावरही, त्या जागी अजून दुखते असे तो म्हणतो. सूड टळला तो आचार्यांच्या बोलण्याने. जे बोलणे अखेरीस उपयोगी पडले, ते पहिल्याच दिवशी का केले नाही, हा प्रश्न कथाकाराला पडलेला दिसत नाही. आणि ज्या दोन मुलांनी हात धरले, त्यांचे काय? त्यांच्याविषयी कथेत पुढे एक शब्दही नाही. आपल्याच सोबत्याला धरून ठेवावयाचे आणि गुरूला मारू द्यावयाचे, हा धडा त्या दिवशी त्यांनी घेतला. कठोर शाळेत मार खाणाऱ्यांपेक्षा हात धरणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

या कथेसमोर उदानातील एक छोटासा प्रसंग ठेवावा. सावत्थी आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे पकडून त्यांना त्रास देत होती. तथागत त्यांच्याजवळ गेले आणि तुम्हाला दुःखाची भीती वाटते का, दुःख तुम्हाला नकोसे वाटते का, असे त्यांनी विचारले. मुलांनी होय म्हटले. तेथून पुढे उपदेश सुरू होतो. येथेही मुले चुकत आहेत, आणि चूक तिळाच्या मुठीपेक्षा मोठी आहे. कारण तेथे जिवंत प्राण्याला वेदना होत आहेत. तरीही हाती छडी नाही, कोणी कोणाचे हात धरलेले नाहीत. मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला साद घालून त्याला दुसऱ्याच्या दुःखापर्यंत नेले आहे. राहुलाला दिलेला उपदेशही याच जातीचा आहे. पाण्याच्या भांड्यात उरलेले थोडे पाणी, ते ओतून देणे, भांडे उपडे करणे, अशा साध्या कृतींतून असत्य बोलण्याचे परिणाम त्याला दाखविले. आणि कृती करण्यापूर्वी, करताना व केल्यानंतर ती तपासावी, असे सांगितले. असत्यासंबंधीचा हा राहुलोवाद भिक्खूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावा, अशी इच्छा अशोकाने भाब्रू लेखात नमूद केली आहे.

बुद्धवचन कोणते मानावे यासाठी बाबासाहेबांनी कसोटी दिली आहे: जे विवेकाला धरून आहे आणि माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे, ते बुद्धाचे. या कसोटीवर उदानातील प्रश्न टिकतो. तिलमुट्ठि जातकातील छडी टिकत नाही. तिच्यावर बोधिसत्त्वाचे नाव असले तरीही टिकत नाही.

मुले रडली, नियम बदलला

विनयपिटक हा रूक्ष नियमांचा ग्रंथ आहे, असे समजून सामान्य उपासक त्याकडे वळत नाहीत. वास्तविक मुलांच्या बाबतीत इतका जागरूक ग्रंथ प्राचीन भारतीय वाङ्मयात क्वचितच सापडेल.

महावग्गात राजगृहातील सतरा मित्रांची हकीकत आहे. त्यांच्यातील प्रमुख उपालि. आपल्या पश्चात मुलाने सुखाने कसे जगावे, याचा विचार त्याचे आईबाप करीत होते. लेखन शिकला तर बोटे दुखतील, हिशेब शिकला तर छाती दुखेल, रूपविद्या शिकला तर डोळे दुखतील. त्यापेक्षा शाक्यपुत्रीय श्रमणांमध्ये गेला तर सुखाने जेवेल आणि निवाऱ्याला झोपेल. हे बोलणे ऐकून उपालि मित्रांसह संघात दाखल झाला आणि भिक्खूंनी त्या सर्वांना उपसंपदाही देऊन टाकली. पहाटे उठून ती मुले पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागली. उजाडेपर्यंत थांबा, असे भिक्खू म्हणत राहिले. मुलांनी अंथरुणे खराब केली. तथागतांनी पहाटे उठल्यावर तो आवाज ऐकला आणि आनंदाला विचारले: आनंदा, हा मुलांचा आवाज कसला?

या प्रश्नानंतर काय घडते ते पाहावे. मुलांना समज दिली जात नाही. मन घट्ट करा, श्रमणजीवन असेच असते, असे त्यांना कोणी ऐकवीत नाही. बोलावणे जाते ते त्यांना उपसंपदा देणाऱ्या भिक्खूंना. वीस वर्षांखालील माणूस थंडी, ऊन, भूक, तहान, कठोर शब्द सहन करू शकत नाही हे तुम्हाला कळत नाही काय, असे त्यांना खडसावले जाते आणि वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये, असा नियम होतो. मुलांना कठोर बनविण्याऐवजी संस्थेने आपली रीत बदलली.

अशीच इतर उदाहरणे आहेत. रोगाच्या साथीत घर उद्ध्वस्त झालेली दोन अनाथ मुले भिक्खूंकडे धावत येत आणि भिक्खू त्यांना हाकलून देत, ती रडत. आनंदाने हे तथागतांना सांगितले. पंधरा वर्षांखालील मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम तेव्हा झालेला होता. ही मुले कावळे हाकू शकतील काय, असे विचारून तथागतांनी तो शिथिल केला. उपसंपदा न झालेल्याबरोबर एका निवाऱ्यात झोपू नये, हा नियम कोसंबीत पाळला गेला तेव्हा राहुलाला झोपायला जागा उरली नाही. तो शौचकूपात जाऊन झोपला. पहाटे तथागतांना तो तेथे आढळला आणि त्या नियमात दोन-तीन रात्रींची सवलत दिली गेली. नियमावर निष्ठा असलेल्या सज्जन भिक्खूंनी प्रत्यक्ष तथागतांच्या मुलाला शौचकूपात झोपायला लावले, ही गोष्ट विनयाने लपवून ठेवलेली नाही. पुढे भिक्खूंनी शिक्षा म्हणून श्रामणेरांना संपूर्ण विहारात येण्यास बंदी केली, तेव्हा ती मुले निघून जाऊ लागली; ही बंदी चुकीची ठरविण्यात आली. मग भिक्खूंनी त्यांचे जेवण रोखले. लोकांनी पेज आणि भोजन आणले, पण मुलांना ते घेता येईना. अन्न रोखण्याची शिक्षा कायमची निषिद्ध झाली.

उपाध्याय आणि शिष्य यांचे नाते महावग्गाने पिता-पुत्राचे सांगितले आहे, आणि आदर दोघांनीही परस्परांचा करावयाचा आहे. शिष्य चुकला तर त्याला दूर करता येते. त्याने क्षमा मागितल्यावर ती न देणे हा मात्र उपाध्यायाचा दोष ठरतो. या संपूर्ण व्यवस्थेत छडीला जागा नाही.

छब्बग्गिय : गटाची निष्ठा

या सतरा मुलांचा छळ ज्यांनी केला त्यांची नावे विनयात आहेत: छब्बग्गिय भिक्खू, म्हणजे सहा जणांचा गट. ते सहा ऐतिहासिक पुरुष होते की नियमाचे निमित्त सांगण्यासाठी योजलेला कथेचा साचा, याविषयी मतभेद असू शकतात. छळाच्या वर्णनातील अचूकपणा मात्र निर्विवाद आहे.

पाचित्तिय नियमांच्या निदानकथा क्रमाने वाचाव्यात. सतरा मुलांनी एक मोडका विहार दुरुस्त केला. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत हे सहा जण थांबले. मग ज्येष्ठतेच्या हक्काने त्यांनी मुलांना मान धरून बाहेर काढले. कधी त्यांनी मुलांना भेडसावले, कधी त्यांची पात्रे व चीवरे लपवून ठेवली. एकाला गुदगुल्या केल्या, तो श्वास कोंडून मेला. वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये, हा जो नियम त्या मुलांच्याच दुःखातून जन्मला, तोच पुढे करून 'तुमची उपसंपदा खरी आहे ना?' असे त्यांना डिवचले. म्हणजे संरक्षणासाठी केलेला नियम छळाचे साधन बनला. रागाच्या भरात त्यांना मारले, तेव्हा इतर भिक्खूंनी त्यांना रडताना पाहिले. त्यानंतरच्या नियमाच्या कथेत तर मारणेही नाही, केवळ हात उगारला आहे. पण माराची सवय झालेली ती मुले तेवढ्यानेच रडू लागतात. मार खाल्लेल्या मुलाचे मन याहून थोड्या शब्दांत सांगता येणार नाही.

धम्मपदाचा दण्डवग्ग आपल्या घराघरांत पठण केला जातो. दण्डाची भीती सर्वांनाच वाटते, म्हणून स्वतःवरून दुसऱ्याला ओळखावे, हा त्याचा आरंभीचा आशय. अट्ठकथेनुसार हे वचन याच प्रसंगी उच्चारले गेले: निवाऱ्यावरून सहा जणांनी सतरा जणांना मारले तेव्हा. ज्या गाथा आपण विश्वव्यापी अहिंसेचे सूत्र म्हणून म्हणतो, त्यांचा उगम परंपरेने विहारातच मार खाल्लेल्या धाकट्यांच्या रडण्यात दाखविला आहे. दण्डवग्ग म्हणताना हे स्मरणात असावे.

सहा जणांपैकी प्रत्येकजण एकटा असता तर इतके करू धजला असता काय? चुल्लवग्गाच्या आरंभी पंडुक आणि लोहितक यांचे वर्तन सांगितले आहे. भांडणाऱ्याकडे जाऊन ते सांगत की, त्याच्यापुढे हार मानू नकोस, तू त्याच्याहून शहाणा आहेस, भिऊ नकोस, आम्ही तुझ्या पक्षाचे आहोत. या बोलण्यात सत्य-असत्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न फक्त पक्षाचा येतो. सिगालोवाद सुत्तात छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्यामुळे माणूस कुमार्गाला जातो असे सांगितले आहे. गटनिष्ठेत हे चारही एकवटतात: आपल्या लोकांविषयीचा पक्षपात, बाहेरच्याविषयीचा राग, विचाराचा अभाव, आणि गटाबाहेर फेकले जाण्याची भीती.

विनयाची मर्यादा

प्रामाणिक समीक्षकाला येथेच थांबता येत नाही. भिक्खूने भिक्खूला मारले तर पाचित्तिय, म्हणजे कबुलीने शुद्ध होणारा दोष. उपसंपदा न झालेल्याला, म्हणजे श्रामणेरालाही, मारले तर केवळ दुक्कट, म्हणजे त्याहूनही हलका दोष. ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्याच्यावरील प्रहाराची किंमत सर्वांत कमी. दोषाचे माप इजा पाहून ठरलेले नाही. इजा झालेल्याच्या दर्जावरून ठरले आहे. समतेच्या दृष्टीने हे समर्थनीय नाही, आणि ते तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. शिवाय एकामागून एक नियम होऊनही छब्बग्गियांचा गट कायम राहिलेला दिसतो. नियमाने एकेक कृत्य बंद केले, गट मात्र फुटला नाही; प्रत्येक वेळी त्याला नवी पळवाट सापडली.

असे असूनही विनयाची दिशा योग्यच आहे. मूल रडले की प्रथम मोठ्यांना जाब विचारावयाचा, ही त्याची पद्धत आहे. पुढच्या काळात जातकाच्या कथाकाराने ती दिशा सोडली आणि मार खाणाऱ्यालाच क्षमेचा उपदेश केला. दोन्ही एकाच परंपरेत आहेत. निवड आपल्याला करावी लागते.

साताऱ्याची शाळा

छब्बग्गिय सहा होते. जात नावाचा गट सबंध समाजाएवढा असतो. बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या शाळेविषयी लिहून ठेवले आहे. वर्गात त्यांना इतरांपासून वेगळे, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळेची सफाई करणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. इतर मुले शिक्षकांना विचारून नळावर जाऊन पाणी पीत. यांना मात्र शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. शिपाई नसला की तहानलेलेच राहावयाचे.

या व्यवस्थेत कोणाच्याही हाती छडी असण्याची आवश्यकता नव्हती. वर्गातील उरलेली सारी मुले रोज ते गोणपाट पाहत होती. ती काही जन्मतः क्रूर नव्हती. एका मुलाने तहानलेले राहणे हा जगाचा नियमच आहे, एवढेच ती शिकत होती. तिलमुट्ठि जातकातील हात धरणारी दोन मुले येथे वर्गभर झाली होती. १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी हीच मीमांसा केली आहे: जातीने माणसाची निष्ठा, सहानुभूती आणि नीती आपल्या जातीपुरती आखडून टाकली आहे, बाहेरच्या गरजवंताबद्दल तेथे करुणा उरत नाही. पाण्याच्या नळापाशी उभे असलेले ते मूल हे या मीमांसेचे जिवंत प्रमाण होते.

आपल्या विहारांसाठी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणाऱ्या २००९ सालच्या कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. कायदा झाला म्हणजे मन बदलले असे होत नाही. छब्बग्गियांचा अनुभव तेच सांगतो. म्हणून प्रश्न आपल्या दाराशी आणून ठेवला पाहिजे. आपल्या विहारांतून बालसंस्कार वर्ग चालतात, श्रामणेर शिबिरे भरतात, वसतिगृहे चालविली जातात. तेथे येणारी मुले गरिबांची आहेत, आणि आईबाप त्यांना विश्वासाने पाठवितात. उपालिच्या आईबापांना वाटले होते तसेच त्यांनाही वाटते की येथे मूल सुखाने राहील.

अशा ठिकाणी शिस्तीच्या नावाने मुलाला मारणे, उपाशी ठेवणे, सर्वांसमोर अपमानित करणे या गोष्टी महावग्गाच्याच आधाराने निषिद्ध मानाव्यात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाती तिचा निवाडा देऊ नये. बालवर्गात जातककथा सांगावयाच्या असतील तर तिलमुट्ठि जातक प्रश्नांसह सांगावे: म्हातारीने काय मागितले होते? ज्या दोघांनी हात धरले त्यांनी काय करायला हवे होते? मुले या प्रश्नांची उत्तरे आपल्यापेक्षा नीट देतील.

सर्वांत कठीण गोष्ट गटनिष्ठेची आहे. आपली चळवळ दीर्घकाळ वेढलेली राहिली आहे. बाहेरचे लोक टीकेसाठी टपलेले असतात, त्यामुळे आपल्या माणसाची चूक झाकण्याची सवय आपल्याला लागली आहे. 'संस्थेची बदनामी होईल', 'विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल', ही वाक्ये आपल्या बैठकांतून ऐकू येतात. तक्षशिलेच्या आचार्याने केलेला हिशेब यापेक्षा निराळा नव्हता. लोक काय म्हणतील या भीतीने त्याने गुन्हा टाळला नाही. तो नजरेआड, अरण्यात नेला. मुलाच्या रडण्यापेक्षा संस्थेचे नाव मोठे मानले जाते, तेव्हा त्या संस्थेने बुद्धाचे नाव धारण केले असले तरी तिची रीत त्या आचार्याचीच असते.

विद्येला शीलाची जोड नसेल तर ती घातक ठरते, असे बाबासाहेब वारंवार सांगत. शील हे मुलांना शिकवण्याआधी शिकवणाऱ्याने आचरावयाचे असते. मुले रडल्याचे प्रथम तथागतांच्या कानी आले आणि त्यांनी लगेच आनंदाला विचारले. आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात हे विचारणारी व्यक्ती कोण असेल, ते व्यवस्थापनाने नावानिशी ठरवावे, आणि तिचे उत्तर मिळेपर्यंत इतर कोणतेही कामकाज पुढे नेऊ नये.